दहा दिवसांची नोटीस

निर्वासिताचा पोरगा पिंजऱ्यातला लढवय्या होतो, ही गोष्ट यूट्यूबवर चांगली खपते. आधी लहानपणाचा पुसट फोटो, मागे रडकं संगीत, आणि मग एकदम ठोसा. बघणाऱ्याची समजूत अशी होते की घरदार गेल्याचा राग मुठीत उतरला आणि काम झालं. मला असा एक लढवय्या जवळून माहीत आहे. त्याच्या पहिल्या व्यावसायिक लढतीत मी त्याच्या कोपऱ्यात बर्फाची पिशवी धरून उभा होतो. राग मला त्याच्यात फारसा कधी दिसला नाही. दिसली ती चेन लावलेली एक प्लास्टिकची फाइल, जी तो ग्लोव्हजच्याही आधी बॅगेत भरतो. त्याच्या धंद्यात त्या फाइलीने ठोशांपेक्षा जास्त निकाल लावले आहेत, म्हणून हे लिहायला बसलो. त्याचं नाव लिहीत नाही, कारण फाइलीतले काही कागद अजून साहेबांच्या टेबलावर आहेत. दोस्त म्हणतो इथे.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या अंगाला, गोठणगाव-प्रतापगडच्या जंगलाजवळ तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. १९७२ पासूनची. तिथली माणसं पावसाळ्यात आमच्यासारखीच धानाची रोवणी करतात आणि दिवाळी झाली की स्वेटरचे गठ्ठे घेऊन शहरं गाठतात. दोस्ताचा आजोबा १९५९ नंतर हिमालय उतरून आलेला, बाप १९७४ मध्ये वसाहतीतच जन्मलेला, तो स्वतः १९९९ चा. तिबेट त्याने पाहिलेला नाही. आठवडी बाजारात मात्र वांग्यांचा भाव तो माझ्या आईपेक्षा चांगला पाडून घेतो, आणि बोलतो आमच्याच झाडीपट्टीतलं.

निवासी शाळेत तो तायक्वांदो शिकला. पुढे दिल्लीत मजनू का टिला भागात भावंडांसोबत खोली घेतली आणि एका जिममध्ये मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात लढायचं एमएमए, सुरू केलं. त्याचा आदर्श कंग ली. १९७२ मध्ये सायगॉनमध्ये जन्मलेला हा माणूस १९७५ मध्ये शहर पडण्याच्या तोंडावर आईच्या कडेवर बाहेर पडला, कॅलिफोर्नियात वाढला, तायक्वांदोपासून सुरुवात करून सान्दा, म्हणजे चिनी किकबॉक्सिंगपर्यंत पोचला आणि २००८ मध्ये फ्रँक शॅमरॉकचा हात लाथांनी मोडून स्ट्राइकफोर्स या अमेरिकी एमएमए संस्थेचा विजेता झाला. त्या लढतीची चित्रफीत दोस्ताने किती वेळा पाहिली असेल, त्यालाच ठाऊक. माझं म्हणणं, लाथा कंग लीच्या पाहा, पण पडल्यावर काय करायचं ते दुसऱ्या कोणाचं पाहा. कारण तायक्वांदोवाला आडवा उभा राहतो, पुढचा पाय उघडा टाकतो, हात खाली सोडतो. एमएमएमध्ये त्या उघड्या पोटरीवर दोन-तीन सणसणीत लाथा बसल्या की पाय टेकवत नाही, आणि पाय टेकला नाही की पुढचा माणूस उचलून आपटतो.

इथे माझा संबंध आला. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं, घरी धानाची शेती, कुस्ती हौसेची. लोसारसाठी, म्हणजे तिबेटी नववर्षासाठी, तो गावी आला की महाशिवरात्रीच्या सुमारास आमचा सराव चालायचा. खळ्यावर तणसाचा जाड थर, त्यावर ताडपत्री, चारी बाजूंनी विटा. मी त्याला एकेरी पट, दुहेरी पट, लपेट हे पाय धरून पाडायचे डाव घोटून घेतले, आणि त्याने मला दाखवलं की आमच्या मातीतलं निम्मं शहाणपण त्या पिंजऱ्यात उलटं पडतं. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. त्यामुळे आम्हा कुस्तीवाल्यांचं अंग पडतानाच आपोआप पालथं होतं. एमएमएमध्ये पालथं होणं म्हणजे पाठ देणं. मागचा माणूस कमरेला पायांची मिठी घालतो, हनुवटीखाली मनगट सरकवतो आणि रिअर नेकेड चोक, म्हणजे मागून गळ्याचा आवळा, बसला की काही सेकंदांत शुद्ध जाते. तिथे चीत पडून, गुडघे मध्ये घेऊन, शांत राहणं शिकावं लागतं. चाळीस पिढ्यांच्या लाजेविरुद्ध आहे हे. पट काढतानाही मान बाहेर राहिली तर समोरचा ती काखेत धरतो आणि गिलोटिन, म्हणजे समोरून गळ्याचा आवळा, लावतो, म्हणून डोकं त्याच्या छातीला चिकटवूनच आत शिरायचं. एका उन्हाळ्यात आमच्या दोघांचेही कान सुजून कचोरी झाले, तेव्हा त्याची आमा, म्हणजे आई, आणि माझी आई यांनी मिळून आम्हाला झापलं. त्या दोघींचं यावर एकमत होतं की हा धंदा नाही.

हौशी लढती झाल्या, बऱ्याच जिंकल्या, मग व्यावसायिक लढतीचा करार आला. वजनगट बँटमवेट, म्हणजे ६१.२ किलो. मला कोपऱ्यात ये म्हणाला. मी हो म्हटलं, आणि मग कळलं की लढतीच्या आधी पंधरा मिनिटांच्या लढतीपेक्षा कितीतरी मोठं काहीतरी असतं.

पहिल्यांदा तपासण्या. रक्तात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. हृदयाचा ईसीजी. डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी, कारण डोक्याला बसलेल्या मारात पडदा सुटू शकतो. मेंदूचा स्कॅन. रक्त वडशाला दिलं. तिथला पोरगा फॉर्म वाचून म्हणाला, "कोनतं ऑपरेशन हाय भाऊचं?" दोस्त म्हणाला, "ऑपरेशन नाही गा. मार खायला जाऊन रायलो." स्कॅनसाठी नागपूर. दातांच्या डॉक्टरकडून माउथगार्ड. या सगळ्यात त्याचा खेळाडू म्हणून काहीच खोळंबा झाला नाही. खोळंबा व्हायचा तो प्रत्येक फॉर्मवरच्या एका रकान्यात: राष्ट्रीयत्व.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कागदोपत्री तो नोंदणी केलेला परदेशी माणूस आहे. त्याच्याकडे आरसी असते, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, जे मुदत संपली की नव्याने करून घ्यावं लागतं. देशाबाहेर जायचं तर आयसी, ओळखपत्राची पिवळी वही, जिला ते लोक पिवळं पुस्तकच म्हणतात. करमणूक अशी की आयोजकांना तो रकाना फार आवडला. प्रचाराच्या व्हिडिओसाठी त्यांनी माणूस पाठवला. पताकांखाली उभा राहा, आजोबांची आठवण सांग, डोळे थोडे ओले कर. दोस्त नम्र माणूस आहे. त्याने विचारलं, "रडायचे पैसे करारात हायेत का?" शेवटी त्यांनी त्याला जंगलात पळताना दाखवलं. आमच्याकडे त्या जंगलात कोणी पळत नाही, वाघ आहे.

आता वजन. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाहेरच्यांना हे माहीतच नसतं. दोस्ताचं चालतं-फिरतं वजन ६९-७०. पहिले काही किलो आठवड्या-आठवड्याने जेवण मोजून उतरतात, त्यात विशेष काही नाही. धानाच्या पट्ट्यातल्या माणसाचा भात बंद करणं हेच काय ते क्रौर्य. शेवटच्या आठवड्यात मात्र चरबी नव्हे, पाणी काढायचं असतं. आधी काही दिवस मुद्दाम भरपूर पाणी, सात-आठ लिटर, मीठ जवळजवळ बंद. शरीराला पाणी बाहेर टाकायची सवय लागते. मग वजन देण्याच्या आदल्या दिवशी पाणी एकदम घोटावर आणायचं. शरीर आपल्या सवयीने बाहेर टाकतच राहतं. उरलेलं घामातून. मोठ्या खेळाडूंना गरम पाण्याचे टब असतात. आम्ही ज्या लॉजमध्ये होतो तिथे बादली आणि हिरवा मग होता. तर दोस्ताने रबरी सूट घातला, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून दार लावलं, दोरीवरच्या उड्या मारल्या, आणि मग पलंगावर आडवा झाला. त्याच्या आमाने सोबत दिलेला गठ्ठा मी सोडला. त्या हिवाळ्यात न खपलेल्या शाली, जाड स्वेटर. एकावर एक घातले. फक्त नाक उघडं. दर काही मिनिटांनी उठवायचं, पुसायचं, काट्यावर उभं करायचं, परत गुंडाळायचं.

मी घड्याळ धरून बसलो होतो आणि मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू. चीनचा यांग जियान बिंग डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात लढतीआधी वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर ती लढत भरवणाऱ्या वन चॅम्पियनशिप या संस्थेने नियम बदलले: वजनाबरोबर लघवी तपासतात, आणि अंगात पुरेसं पाणी नसेल तर वजन बरोबर असलं तरी नापास. मला हा नियम सगळीकडे असावा असं वाटतं. दोस्ताला नाही वाटत. त्याचं म्हणणं, आठ किलो मोठ्या माणसाचा ठोसा खाण्यापेक्षा एक रात्र सुकलेलं बरं. मी त्याला इतकंच बजावलं होतं की बोलणं अडखळलं किंवा घाम यायचा थांबला की मी शाली काढणार, मग वजन गेलं खड्ड्यात. घाम थांबला नाही. पहाटे तो काहीच बोलत नव्हता, फक्त एकदा म्हणाला, "दुकानात याचे साडेसातशे येतील," आणि अंगावरच्या शालीकडे हनुवटीने दाखवलं. सकाळी काट्यावर बसलं.

वजन दिल्यावर नवखे लोक बाटली तोंडाला लावतात. तसं नाही करायचं. ओआरएस घोट-घोट, मग मीठ घातलेली तांदळाची पेज, मग थोडा थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, मग भात. सलाइन लावून घेण्याची जुनी पद्धत उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही, बारा तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून देता येत नाही, तेही वैद्यकीय कारण नसेल तर. रात्रीपर्यंत त्याचे गाल परत आले.

लढतीच्या दिवशी हातांना गॉझ आणि टेप बांधतात. अधिकारी समोर बसून पाहतो आणि टेपवर सही करतो, म्हणजे आत काही कडक घातलं नाही याची खात्री. ग्लोव्हज चार औंसांचे, बोटं उघडी, बॉक्सिंगच्या ग्लोव्हजपुढे काहीच नाहीत. पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक-एक मिनिट. त्या एका मिनिटात कोपऱ्यातल्या माणसाने काय करायचं, हे दिल्लीच्या प्रशिक्षकाने मला घोटवलं होतं: स्टूल, बर्फ मानेला, पाणी एक चूळ, आणि बोलायचं एकानेच. बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्याचं कारण माझी हुशारी नव्हती. समोरचा गडी हरियाणाचा, त्याच्या कोपऱ्याला हिंदी पुरती समजणार. आमची बोली समजणार नव्हती.

पहिल्या फेरीत दोस्ताच्या लाथा सुरेख पडल्या, दोन वेळा बरगडीवर, एकदा डोक्याच्या जरा वरून. पण समोरच्याने त्याच्या पुढच्या पोटरीला शोधलंच. फेरी संपेपर्यंत तिथे जांभळा डाग. दुसऱ्या फेरीत त्याने पाय बदलून पाहिले, जमलं नाही, आणि हरियाणाच्या गड्याने उचलून आपटला. माझा जीव गळ्यात, कारण माझ्याच हाताने मी त्याला वर्षानुवर्षं पालथं पडायला शिकवत होतो. तो चीत पडला. गुडघा मध्ये घातला, मनगटं धरली, जाळीला पाय देऊन उभा राहिला. मी ओरडलो, "एकेरी घे! जाळीले दाब त्याले! मुंडकं आत!" प्रेक्षकांतले लोक वळून बघायला लागले की हा कोण आणि कोणाला काय सांगतो आहे. दोस्ताने एकेरी घेतली, जाळीला दाबला, लपेट मारून खाली आणला आणि उरलेला वेळ वरून कोपरं चालवली.

तिसऱ्या फेरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोघेही थकलेले, जाळीला लागून एकमेकांच्या काखा शोधत होते. गुण दहाचे असतात, फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. दोन पंचांनी २९-२८ आम्हाला दिले, एकाने त्यांना. हरियाणाचा गडी येऊन गळ्यात पडला आणि विचारलं, "भाई, तेरा कोना बोल क्या रहा था?"

कराराप्रमाणे लढायचे वेगळे आणि जिंकायचे वेगळे पैसे मिळाले. स्कॅन, तपासण्या, रेल्वे, लॉज, प्रशिक्षकाचा वाटा वजा जाता जे उरलं त्यात त्याने आमासाठी शिवणयंत्राची मोटर घेतली.

खरी गोष्ट यानंतरची. पुढच्या वर्षी आणखी एक जिंकल्यावर आखाती देशातून बोलावणं आलं. कोणीतरी जायबंदी झाला होता, जागा रिकामी होती, दहा दिवसांत या. या खेळात दार असंच उघडतं. मोठ्या संस्था नव्या पोराला आरामात तारीख देऊन बोलावत नाहीत. कोणाचा गुडघा जातो, कोणाचं वजन बसत नाही, आणि फोन वाजतो. एजंटाने पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. दोस्ताने पिवळ्या पुस्तकाचा पाठवला. बराच वेळ काही नाही. मग आलं, "भाई, ये क्या है?" त्यांच्या ऑनलाइन व्हिसाच्या यादीत असं पुस्तक बसत नव्हतं. दूतावास, पत्रं, शिक्के, आठवडे. दहा दिवस त्यात कुठे मावणार? दिल्लीच्या त्याच जिममधला दुसरा पोरगा गेला. तो तिथे हरला, पण येताना पुढच्या लढतींचा करार घेऊन आला. हरून करार मिळतो, न जाऊन नाही.

त्या रात्री मी सगळे निर्वासित लढवय्ये आठवून पाहिले. कंग लीला अमेरिकेचे कागद होते. तेहरानमध्ये जन्मलेला आर्मेनियन वंशाचा गेगार्ड मुसासी नेदरलँड्समध्ये वाढला. कुर्दी मकवान अमिरखानीला फिनलंडने घेतलं, आणि २०१५ मध्ये स्टॉकहोममध्ये यूएफसी या सगळ्यात मोठ्या एमएमए संस्थेतल्या पहिल्याच लढतीत त्याने आठ सेकंदांत माणूस पाडला. अफगाणिस्तानातून आलेले बशारत बंधू ब्रिटनमध्ये वाढले. यांना आधी देश मिळाला, मग पिंजरा. उलट बाजूला सिंडी न्गाम्बा. कॅमेरूनची, ब्रिटनमध्ये वाढलेली, तिथल्याच मुलींबरोबर बॉक्सिंगचा सराव करणारी, पण ब्रिटिश पासपोर्ट नव्हता. म्हणून २०२४ मध्ये पॅरिसला ती निर्वासितांच्या संघातून उतरली आणि त्या संघाचं पहिलं ऑलिम्पिक पदक, ब्राँझ, तिने आणलं. दोस्ताला तिचा फोटो पाठवला. त्याने उत्तर दिलं, "तिले चार वर्षं आधी तारीख माहीत होती."

मग निघाला बापाच्या जन्माचा विषय. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्माने नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई-बाप यांपैकी एक नागरिक असला तरी चालतं. म्हणजे १९७४ चा बाप नागरिक, आणि त्यामुळे १९९९ चा मुलगाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तिबेटींच्या बाबतीत हे मान्य केलं आणि २०१७ मध्ये पासपोर्ट कार्यालयांना तशा सूचना गेल्या. पण सोबत अटीही आल्या: आरसी आणि आयसी परत करा, वसाहतीतलं राहणं आणि निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा.

घरात यावर भांडण झालं, आणि मी तिथे बसलेलो असताना झालं, म्हणून सांगतो. आजी म्हणाली, आपण परत जायला आलो आहोत. बाप म्हणाला, धान कोण लावेल? दोस्त म्हणाला, मी एकट्याने करतो, तुम्ही राहा. बाप म्हणाला, तुझा कागद माझ्या कागदावर उभा आहे, माझा काढला तर मीही गेलो. यात कोण चुकतंय ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या सातबाऱ्यावर पणजोबाचं नाव आहे, मला या भांडणात मत द्यायचा हक्क कितपत हाही प्रश्नच.

शेवटी बाप तयार झाला तो निदान पुरावा शोधायला. १९७४ चा जन्मदाखला नव्हता. आमच्याकडे जातीच्या दाखल्यांसाठी लोक जे उघडतात तेच आम्ही उघडलं, कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज, फी, मग पुढच्या आठवड्यात या. तिथल्या बाबूला वाटलं माझ्याच आजोबाची नोंद हवी आहे. नोंद सापडली. तारीख, बापाचं नाव, गाव, पण बाळाच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगा’, जसं त्या काळी सगळ्यांचंच असायचं. आता तो मुलगा म्हणजे हाच माणूस, हे सिद्ध करायला शाळेचा दाखला, जुनी आरसी, प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार. एक साक्षीदार माझे वडील झाले.

अर्ज गेला आहे. आजी अजून बोलत नाही बापाशी, नातवाशी बोलते. आखातातल्या त्या एजंटाने परवा पुन्हा विचारलं, मार्चमध्ये जागा निघू शकते. दोस्ताने त्याला कळवलं आहे की तारीख किमान चार महिने आधी द्या, एकसष्टवर लढेन, छपन्नवर नाही, आणि जानेवारीअखेरपर्यंत नागपुरात दुकान असतं, तोवर वजन उतरवणार नाही. एजंटाने अंगठा दाखवणारं चिन्ह पाठवलं. दोस्त म्हणतो ते हो आहे. मला तसं वाटत नाही.